पाच घरांची विहीर आणि एक फ्लॉपी

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले, की मला परीक्षा जवळ आल्यासारखं वाटू लागतं. वय पन्नाशीकडे झुकलं, हैदराबादच्या ऑफिसात आता मीच नव्या मुलांच्या कामाला गुण देते, तरी वाटतं. गल्लीत भाजीची गाडी येते, तिच्यावर पानांसकट फुलकोबीचे गड्डे रचलेले असतात, आणि मी त्यातला एक उचलून उगाच नाकाशी धरते. भाजीवाला म्हणतो, ताजी आहे मॅडम. आता त्याला काय सांगायचं, की मला ताजी नको आहे, मावल्याची हवी आहे. आदिलाबादला लागून असलेल्या आमच्या मावल्याची, पाच घरांच्या विहिरीवर भिजलेली, आणि तीही नव्वदीच्या मधल्या त्या एका वर्षाची.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होते. गणित, पदार्थविज्ञान आणि कॉम्प्युटर. हा तिसरा विषय कॉलेजात नवाकोरा आला होता आणि तो घेणाऱ्यांकडे लोक जरा वळून बघायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. मावल्याहून कॉलेजला सायकलने जायचं म्हणजे त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढायची. जिनिंगच्या गिरणीकडे निघालेल्या बैलगाड्या रस्ताभर उभ्या, बैल रवंथ करताहेत, गाडीवान गाडीखाली बसून भाकर खाताहेत, आणि हवेत कापसाचे बारीक तंतू. कॉलेजात पोचेपर्यंत माझ्या वेणीवर आणि बाह्यांवर कापूस बसलेला असायचा. आमच्या श्रीनिवास सरांनी लॅबच्या दाराशी कपडे झाडायचा एक ब्रश खिळ्याला टांगून ठेवला होता. आधी कापूस झटका, मग चपला काढा, मग आत या. कॉम्प्युटरच्या पोटात कापूस गेला तर तो कायमचा आजारी पडेल अशी त्यांना धास्ती होती.

आत मात्र स्वर्ग. खिडक्यांना जाड पडदे, थंडगार फरशी, आणि चार कॉम्प्युटर. आम्ही अठ्ठावीस जण. एकेका मशीनला सात जण म्हणजे आठवड्यातून जेमतेम तीन तास वाट्याला यायचे, तेही करंट राहिला तर. पद्मा नावाची माझी जोडीदारीण इचोड्याहून बसने यायची. तिच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, आणि आमचं दोघींचं भांडण हिंदीत चालायचं. आम्ही प्रोग्राम आधी वहीत लिहायचो, वहीतच चालवून बघायचो, बोट ओळीवर फिरवत, आता ही किंमत सात झाली, आता आठ झाली. मग मशीनसमोर बसायला मिळालं, की पद्मा वाचायची आणि मी टाइप करायची. पहिल्यांदा माझा प्रोग्राम एकही चूक न दाखवता चालला तेव्हा पडद्यावर तेराचा पाढा आला होता. फक्त तेराचा पाढा. मला तो लहानपणापासून पाठ होता, तरी मी तो तीनदा वाचला आणि घरी जाऊन मायला म्हणून दाखवला. माय म्हणाली, याच्यासाठी कॉलेज लागते होय.

माझ्याकडे एक फ्लॉपी होती. तिला चुंबकापासून जपायचं असं सरांनी बजावलेलं, म्हणून मी दप्तर घेऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पाऊल टाकत नसे. मोटारीत चुंबक असतो हे पदार्थविज्ञानात नुकतंच शिकले होते, त्यामुळे भीती शास्त्रशुद्ध होती. दप्तर बाहेर शेवग्याच्या फांदीला टांगायचं, मग आत जायचं. माझे वडील, बापू, ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

शेवटच्या वर्षाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा एक पेपर होता. पुस्तक सगळ्या वर्गात एकच, तेही सरांचं. सरांनी पहिल्याच तासाला त्याचा गाभा सांगून टाकला. प्रोग्राम लिहिणं हे पुढचं काम आहे, आधी ज्याच्यासाठी लिहायचा त्याला विचारा, तो काय करतो, कसं करतो, सगळं विचारा. "पहले पूछो, फिर लिखो," असं ते म्हणाले आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं. मग प्रोजेक्टचे विषय आले. लायब्ररी आणि पगारपत्रक त्यांनी पहिल्या झटक्यात बाद केले. आपापल्या घरातलं, गावातलं काहीतरी आणा म्हणाले. आणि एक अट घातली. ज्याच्यासाठी प्रोजेक्ट केला त्या माणसाने तो दोन महिने वापरायचा, नंतर स्वतःच्या शब्दांत एक चिठ्ठी लिहायची, बंद करून थेट सरांच्या हाती द्यायची. ती चिठ्ठी परीक्षेच्या दिवशी बाहेरून येणारे परीक्षक उघडतील. चिठ्ठी नाही तर प्रोजेक्टचे गुण नाहीत, आणि ते गुण नाहीत तर त्या वर्षी पदवी नाही. माझ्या डोक्यात तेव्हा पदवीनंतर हैदराबादला पुढे शिकायला जायचं इतकं भरलं होतं, की एक वर्ष मागे राहायची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

विषय मला सायकलवरच सुचला. आमच्या विहिरीच्या बाऱ्या.

विहीर पाच घरांत सामाईक. संक्रांतीनंतर पाणी खाली जायला लागलं, की सगळ्यांनी एकदम मोटार चालवून भागत नाही, मग बारी लागते. एका घराला एक दिवस, गंगारामकाकांची जमीन दुप्पट म्हणून त्यांना लागोपाठ दोन. म्हणजे सहा दिवसांचा फेरा. हा फेरा माझे मोठेबाबा, म्हणजे बापूंचे थोरले भाऊ, सांभाळायचे. चाळीस वर्षं त्यांनीच तो सांभाळला होता. त्यांच्याकडे वही नव्हती. मोटारीच्या खोलीत एक फळी होती, तिला सहा खिळे, आणि रोज सकाळी ते एक लोखंडी कडी या खिळ्यावरून त्या खिळ्यावर सरकवायचे. ज्या घराच्या खिळ्यावर कडी त्याची बारी. त्यांच्या शब्दावर गावात कोणी हरकत घेत नसे, आणि आपण चुकलो असं त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नव्हतं. माझ्या प्रोजेक्टची चिठ्ठी त्यांनीच लिहायची होती.

मी वही घेऊन पाचही घरी गेले. काय मजा आली होती. एरवी माझ्याशी कोणी धड बोलत नसे, आणि आता पुरुषमाणसं खाटेवर जागा करून देत होती. करंट दुपारपर्यंत आलाच नाही तर तो दिवस धरायचा नाही, हे गंगारामकाकांनी सांगितलं. घरात मयत झाली तर बारी शेजाऱ्याशी बदलून घ्यायची, हे बापूंनी. पोरीचं लग्न असेल तर तिच्या घराला एक दिवस जास्त, मांडवाच्या पाण्याला, हे काशीकाकूंनी, आणि वर माझ्याकडे बघून हसल्या. मी सगळं लिहून घेत होते. शेवटी मोठेबाबांसमोर वही वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. मी विचारलं, काही राहिलं का. ते म्हणाले, नाही, सगळं आलं.

पुढचे पंधरा दिवस मी हवेत होते. पद्माने आणि मी वहीत फेरा मांडला, करंट न आल्याची सोय केली, लग्नाची केली, मयतीची केली. आदिलाबादच्या लॅबमध्ये करंट यायचा त्याच तारेवरून मावल्यातही यायचा. त्यामुळे मशीन सुरू झाली, की मला दिसायचं, आता विहिरीवर मोटारीने पाणी धरलं असणार, पाट भरला असणार, मायचं पाणी वांग्याच्या सरीत शिरलं असणार. प्रोग्राम चालला तेव्हा प्रिंटर करकर करत कागद बाहेर काढू लागला आणि पद्माने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी पिचली. तारखांची रांग, पुढे घराचं नाव. मी तो कागद घरी नेला, इंग्रजी नावांखाली मराठीत नावं लिहिली आणि मोटारीच्या खोलीत खळीने चिकटवला. पाचही घरं बघायला आली. मोठेबाबांनी कागदाच्या कडा दाबून बघितल्या, मग फळीवरची कडी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, आता हे पाहू.

पंधरा-सोळा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मी दात घासत होते तोच विहिरीकडून आवाज आले. जाऊन बघते तर गंगारामकाका आणि काशीकाकू दोघंही आपापला पाट फोडून उभे. कागदावर त्या दिवशी गंगारामकाकांचं नाव होतं. काशीकाकू म्हणत होत्या, काल माझी होती, पण काल मोटार कशी लावणार, मग आजची माझीच. त्यांची फुलकोबी तीन दिवसांपासून माना टाकून होती. दोघांचाही आवाज चढला होता. मोठेबाबांनी काकूंना पाणी दिलं, गंगारामकाकांना उद्यावर ठेवलं, आणि मग माझ्याकडे वळले.

"तुह्या कम्पुटरले अमुशा ठावं नाही काय?"

आदला दिवस अमावास्येचा होता. अमावास्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. पूर्वी बैलांची मोट होती तेव्हा त्या दिवशी विहीर आपोआप बंद राहायची. मोट गेली, मोटार आली, बैलांचा संबंध उरला नाही, पण विहिरीची सुट्टी तशीच राहिली. ज्याची बारी त्या दिवशी येईल त्याची ती बुडत नाही, पुढच्या दिवशी सरकते, आणि सगळा फेरा एका दिवसाने पुढे जातो. मी चिडून म्हटलं, तुम्ही हे सांगितलं नाही.

"आता सूर्य उगोते, हे बी सांगा लागते काय व पोरी?" ते म्हणाले.

ते गेल्यावर मी मोटारीचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी बसून राहिले. राग त्यांचा नव्हता, स्वतःचा होता. कारण मी पोहायला शिकले ती अमावास्येच्या सकाळीच. त्या दिवशी मोटार बंद, पाणी स्थिर, म्हणून आम्हा पोरांना विहिरीत उतरू द्यायचे. बापूंनी कमरेला भोपळे बांधून मला सोडलं तेही अमावास्येला. लहानपणी मी अमावास्येची वाट बघायचे, दिवस मोजायचे. आणि वहीत पाच घरांची माहिती, मयत, लग्न, करंट, सगळं आलं, पण ती आली नाही. बरं, मी एकटीच नव्हे. दुसऱ्या दिवशी पद्माला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. तिचे आजोबासुद्धा अमावास्येला नांगर धरत नसत. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, त्यांच्या वडिलांनीही जन्मात कधी त्या दिवशी बैल जुंपले नाहीत. तिघांनी तो प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला होता. तिघंही शेतकऱ्यांच्या घरातले होतो. आम्हाला ते इतकं ठाऊक होतं, की ते ठाऊक आहे हेच ठाऊक नव्हतं.

आणि मग जे दिवस आले, ते माझ्या शिक्षणाचे खरे दिवस. अमावास्या कशी काढायची? मी तीस दिवसांनी एक, मग एकोणतीस, मग एकाआड एक असं करून बघितलं. कॅलेंडरशी कुठे ना कुठे एका दिवसाची गफलत व्हायचीच. शिवाय अमावास्या आदल्या दिवशी दुपारी लागून दुसऱ्या दिवशी सकाळी संपली, तर विहिरीने सुट्टी कोणत्या दिवशी घ्यायची? यावेळी मी शहाणी झाले होते. धावत मोठेबाबांकडे गेले. ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. विचार करून म्हणाले, "सकायी बैल जुपाच्या वक्ती जे असन, ते खरं." मग मी त्यांना सोडलंच नाही. रोज संध्याकाळी एक प्रश्न. पोळ्याला काय करता? ग्रहण लागलं तर? दोन घरांची एकाच दिवशी अडचण आली तर? ते आधी वैतागायचे, काऊन डोकं खाऊन राह्यली म्हणायचे, मग हळूहळू त्यांनाच चव लागली. एकदा मी जेवत असताना ते स्वतः दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, शोभे, एक राह्यलं होतं, लिव. मी उष्ट्या हाताने वही ओढली.

अमावास्येचं शेवटी आम्ही सोपं केलं. प्रोग्राम सुरू झाला, की तो आधी विचारायचा, पुढची अमावास्या कधी? ज्याला ठाऊक त्याने सांगायचं. हे पद्माचं डोकं. सरांनी मोठेबाबांना लॅबमध्ये घेऊन यायला सांगितलं. ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून माझ्या सायकलच्या मागे बसून आले. रस्ताभर मी घामाघूम आणि ते मागून गाडीवानांना रामराम घालताहेत. दाराशी ब्रश बघून त्यांनी न विचारता आधी फेटा झटकला. आत खुर्चीवर बसले. पडद्यावर प्रश्न आला, तो मी वाचून दाखवला. त्यांनी एका बोटाने, प्रत्येक कळ शोधत, तारीख दाबली. प्रिंटर सुरू झाला आणि कागदावर त्या तारखेपुढे घराचं नाव न येता नुसती रेघ आली. विहीर बंद. पुढच्या दिवसापासून फेरा बरोबर सरकलेला. मोठेबाबांनी कागद हातात घेतला, बोटाने एकेक दिवस मोजला आणि पुन्हा एकदा मोजला. वर्गातली सगळी पोरं भोवती जमली होती. मला तेव्हा ओरडावंसं वाटत होतं, पण मोठेबाबांसमोर ओरडणार कशी.

चिठ्ठी त्यांनी फाल्गुनात लिहिली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, सरांची अटच होती. खळीने पाकीट बंद करून स्वतः कॉलेजात नेऊन दिलं.

आता माझी लबाडी सांगते. प्रोजेक्टचा अहवाल टाइप करताना मी इंग्रजीत एक वाक्य घातलं होतं, की ही पद्धत पहिल्या दिवसापासून बिनचूक चालली. विहिरीवरचं भांडण लिहिलं नाही. लिहिलं तर गुण कापतील, वर्ष जाईल, अशी भीती. पद्मा नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. पद्माचा प्रोजेक्ट वेगळा होता, तिच्या वडिलांच्या दुकानातल्या मालाचा, त्यामुळे हा निर्णय माझ्या एकटीचा.

परीक्षक वरंगळकडून आले होते. शांत, चष्म्याआडून बघणारे. माझा अहवाल त्यांनी शेवटपर्यंत वाचला, प्रोग्राम चालवून बघितला, मान डोलावली. मग पाकीट फोडलं. आत मराठी. त्यांना मराठी येत नव्हतं, आमच्या सरांनाही नाही. त्यांनी कागद माझ्या हाती दिला आणि हिंदीत म्हणाले, तुम्हीच वाचा आणि अर्थ सांगा.

मोठेबाबांनी चिठ्ठी अगदी तहसिलीत अर्ज करतात तशी लिहिली होती. मौजे मावला. कॉलेजचे साहेब यांचे हुजुरात. लिहून देतो की, शोभा ही माझे भावाची मुलगी. इने आमच्या विहिरीच्या बाऱ्या कागदावर मांडल्या. इथवर मी जोरात वाचलं. पुढच्या ओळीवर डोळे गेले आणि मी थांबले. पुढे लिहिलं होतं, पहिले महिन्यात अमुशा चुकली व दोन घरांत बोलाचाली झाली.

त्या खोलीत मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं. दोन ओळी गाळल्या असत्या तर कोणाला पत्ता लागला नसता. मी गाळणारच होते. पण डोळे त्याच्याही पुढच्या ओळीवर गेले होते.

"ते चूक पोरीची नाही. तिने मले इचारले होते, काही राह्यले काय. मी नाही म्हणालो. चाळीस वर्स बारी मी पाह्यली, पण मले सांगता आली नाही."

ही ओळ मी गाळू शकत नव्हते. आणि ती वाचायची तर आधीची वाचावीच लागत होती. मी सगळी चिठ्ठी वाचली, मग सगळीचा अर्थ हिंदीत सांगितला. परीक्षकांनी अहवाल पुन्हा उघडला, ते वाक्य शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मग हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. श्रीनिवास सर खाली बघत होते.

मग परीक्षकांनी विचारलं, चूक कळल्यावर त्या माणसाला तुम्ही काय विचारलंत, जे आधी विचारलं नव्हतं? आणि माझं तोंड जे सुटलं. बैल जुंपायची वेळ, पोळा, ग्रहण, उष्ट्या हाताने लिहिलेली ओळ, भोपळे बांधून पोहणं, सगळं. हिंदी अडली तिथे मराठी घुसली. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी माझ्यापुढे दोन कोरे कागद आणि स्वतःचं पेन सरकवलं. म्हणाले, ते वाक्य खोडा, आणि आता जे सांगितलंत ते लिहून अहवालाला जोडा. मी लिहीत सुटले. दोन्ही कागद पाठपोट भरले आणि मी आणखी एक मागितला.

उन्हं उतरताना मी मावल्याला पोचले. मोठेबाबा कांद्याच्या वाफ्यात पाणी वळवत होते, बारी त्यांची होती. त्यांनी फावडं थांबवलं नाही. खाली बघतच विचारलं, चिठ्ठी उघडली काय सायबानं. मी म्हटलं, उघडली, पण त्यांना मराठी येत नाही, मलाच वाचायला लावली.

फावडं थांबलं.

"सबन वाचली?"

"सबन वाचली, मोठेबाबा. एकही ओळ गाळली नाही."

त्यांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले, वाफ्याचं तोंड माती लोटून बंद केलं, पुढचं फोडलं आणि म्हणाले, "मंग पास हाये तू."

निकाल लागायला अजून दोन महिने होते.